हॉर्नवरचा फोटो

आमच्या गावात रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालणारा एकच माणूस आहे. बाकीचं गाव मधून चालतं. सकाळी सातच्या सुमाराला पाटाच्या पुलाकडून पांढरा पायजमा, पांढरा शर्ट आणि हातात काठी असे ते उजव्या कडेनं येताना दिसले, की दवाखाना उघडायची वेळ झाली असं तिथं झाडलोट करणाऱ्या आमच्या मावशी धरून चालतात. नवा माणूस त्यांना हमखास टोकतो, की बाबा, डाव्या बाजूनं चाला. मग त्याला थांबून ऐकून घ्यावं लागतं, की डावी बाजू वाहनांची. फूटपाथ नसेल तिथं पायी माणसानं उजवीकडून, समोरच्या गाड्या बघत चालायचं असतं. "मरन मागून येऊ द्यायचं न्हाई," ते सांगतात. "समोरून आलं तर बाजूला तरी होता येतं." ऐकणारा मान डोलावतो आणि पुढं मधूनच चालायला लागतो.

गाव त्यांना गाडीमास्तर म्हणतं. मी नुसतं मास्तर म्हणतो. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी इथं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. बेलापूरपासून पाटाच्या कडेच्या वस्त्यांपर्यंत ज्याला म्हणून गाडी नीट मागं घेता येते, त्याला ती मास्तरांनी शिकवलेली असणार. मी इथला डॉक्टर. चौदा वर्षं माझा आणि त्यांचा एक वाद चालला होता आणि तो कसा मिटला ते मला सांगायचं आहे. पण मास्तर कोण हे कळल्याशिवाय त्या वादाला काही अर्थ नाही, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

तरुणपणी ते एका साखर कारखान्याच्या चेअरमनच्या जीपवर होते. एकदा रेल्वेचं फाटक पडायला लागलं आणि मागून चेअरमन म्हणाले, काढ, निघतीय. मास्तरांनी जीप बंद केली, चावी मागं चेअरमनच्या हातात दिली आणि खाली उतरून चालत घरी गेले. फाटक पडलं, आगगाडी गेली, फाटक उघडलं. चेअरमनना गाडी चालवता येत नव्हती. ते तसेच बसून राहिले आणि मागच्या बैलगाड्या त्यांच्या नावानं ओरडत राहिल्या. ही गोष्ट गावात चार तऱ्हांनी सांगतात, पण चावी हातात दिली आणि चालत गेले, एवढं चारही तऱ्हांत असतं. त्यानंतर त्यांनी कुणाची नोकरी केली नाही.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा दवाखाना टाकून वर्षच झालं होतं. हप्त्यानं गाडी घेतली होती आणि चालवता येत नव्हती. मला वाटलं, आठ दिवसांचं काम. मास्तरांनी पहिले आठ दिवस मला स्टिअरिंगला हातच लावू दिला नाही. एक वही आणायला सांगितली आणि संध्याकाळी चौकातल्या पारावर बसवलं. रस्त्यावर कोण काय चुकतंय ते लिहायचं. मी एमबीबीएस झालेला माणूस, माझेच पेशंट समोरून जातायत, नमस्कार करतायत आणि मी पारावर बसून लिहितोय: मोटरसायकलवर तिघं, ट्रॅक्टरला मागचा दिवा नाही, अमुक वळला पण हात दाखवला नाही. लाजेनं मान वर होईना. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वही बघितली आणि विचारलं, "दुधाची गाडी उलट्या बाजूनं गेली, ती कुठं हाय?" मला दिसलीच नव्हती. त्या वेळी मी खिशातला मोबाईल बघत होतो. ते म्हणाले, आधी बघायला शिका, चालवायला बैलालाबी येतं.

त्यांच्या शिकवण्याच्या गाडीला हॉर्न होता, कारण कायद्यानं लागतो. दाबायची मात्र परवानगी नव्हती. दर महिन्याला लायसनच्या परीक्षेसाठी तालुक्याला आरटीओचा कॅम्प भरे, त्याच्या आधी ते गाडीची सगळी तपासणी करत, त्यात हॉर्न एकदा वाजवून बघत आणि मग महिनाभर तो मुका. शिकाऊ माणसाचा अंगठा सवयीनं तिथं जातोच, म्हणून त्यांनी हॉर्नच्या मधोमध स्वतःचा पासपोर्ट फोटो चिकटवला होता. फॉर्मांसाठी काढलेल्यांतला उरलेला. त्या फोटोत ते कॅमेऱ्याकडे असे बघतात, की फोटोवाल्यानंच काहीतरी नियम मोडलाय. मास्तरांच्या तोंडावर अंगठा ठेवायची कुणाची छाती नव्हती. मग आपोआप ब्रेक आठवायचा. हॉर्न म्हणजे माझी चूक तू सांभाळ असं दुसऱ्याला ओरडून सांगणं, असं त्यांचं म्हणणं. गावातल्या पोरांनी या फोटोवरून त्यांची भरपूर चेष्टा केली आणि त्याच पोरांनी पुढं आपल्या बायकांना त्यांच्याकडेच शिकायला पाठवलं.

नियम दुसऱ्याला सांगणारे पुष्कळ असतात. मास्तर तो आधी स्वतःला लावत. त्यांच्या हातून काही चुकलं, म्हणजे पहाटे मोकळ्या रस्त्यावर वळताना सिग्नल द्यायचा राहिला किंवा समोरच्या गाडीला दिवा डिप्पर करायला उशीर झाला, तरी ते घरी जात, हातपाय धूत आणि आपलं लायसन देव्हाऱ्यात ठेवून देत. मास्तरीणबाई चुलीपाशी बसल्या बसल्या विचारत, किती दिवस? ते सांगत, दोन किंवा तीन. तेवढे दिवस ते सायकलवर. शिकवणीला आलेल्यांना त्या दिवसांत ओसरीवर बसवून नुसत्या रस्त्यावरच्या खुणा शिकवत. कुठल्या पोलिसानं त्यांना कधी अडवलं नाही, पण स्वतः त्यांनी स्वतःला इतक्यांदा धरलंय की विचारू नका. मास्तर सायकलवर दिसले की पारावरची माणसं विचारत, "मास्तर, काय गुन्हा?" आणि ते सायकल थांबवून, पाय टेकवून, खरं खरं सांगत.

आता आमच्या वादाचं मूळ. शिकवणीच्या गाडीत डावीकडं मास्तरांच्या पायाखाली एक जादा ब्रेक आणि क्लच असे. तुम्ही चुकलात की तुमच्या आधी त्यांचा पाय पडायचा. आणि ज्या दिवशी त्यांना वाटे की आता याच्याबरोबर आपल्या पायाची गरज नाही, त्या दिवशी ते चालत्या गाडीत चपला काढत आणि सीटवर मांडी घालून बसत. तोंडानं अक्षर नाही. मांडी घातली की झालं. सरकारी परीक्षा त्याच्यानंतर, आणि तिला त्यांच्या लेखी फार किंमत नव्हती. तालुक्याला कॅम्पला गेलेली माणसं परत आल्यावर एकमेकांना विचारत, "लायसन झालं ते झालं, मांडी घातली का?" मास्तरांनी स्वतःच्या सुनेसाठी पाच महिने मांडी घातली नव्हती. ती रडली, सासूकडं तक्रार केली, शेवटी एकदा सहाव्या महिन्यात घातली. तिनं त्या दिवशी घरी पुरणपोळ्या केल्या.

माझ्यासाठी घातली नाही. कच्चं लायसन झालं, महिना झाला, कॅम्पला गेलो, इन्स्पेक्टर शेजारी बसले, चढावर थांबवून गाडी उचलली, मागं घेऊन दाखवली, पास. पक्कं लायसन पोस्टानं घरी आलं. मी पेढे घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, सरकारनं दिलंय, मी न्हाई. मी विचारलं, माझं चुकतं कुठं? तर म्हणाले, "तुमी आरशात बघता, डॉक्टर. पन मान फिरती, डोळं फिरत न्हाईत. बघायचं म्हनून बघता." मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पाटाच्या पुलावरच्या आंधळ्या वळणावर शेवटच्या दिवशीही त्यांचा पाय ब्रेकवर पडला होता आणि मला अजूनही वाटत होतं की तो उगाच पडला.

पुढं चौदा वर्षं हे चाललं. मी नगरला जाऊन येई, पुण्याला जाऊन येई, घाट चढून उतरून येई. मास्तर भेटले की मी म्हणे, बघा, कुठं ओरखडा नाही. ते म्हणत, "रस्ता भला हाय." बस, एवढंच.

तक्त्याची गोष्ट या चौदा वर्षांतलीच. चाळिशीच्या पुढच्या माणसाला लायसन काढायला किंवा नवं करायला डॉक्टरचा दाखला लागतो. आता ते कॉम्प्युटरवर भरतात, तेव्हा कागद यायचा. कॅम्पच्या आदल्या दिवशी मास्तर आपली चाळिशीपुढची चार-सहा माणसं घेऊन दवाखान्यात येत. बाहेर तापाचे, खोकल्याचे पेशंट खोळंबलेले. मी फॉर्मांची चळत पुढं ओढायचो आणि सह्या मारायला लागायचो. पहिल्याच वेळी मास्तरांनी फॉर्मावर हात ठेवला. "ह्याला बघितलं का?" मी म्हणालो, मास्तर, रोज बघतो, माझाच पेशंट आहे. ते म्हणाले, त्याचा खोकला बघितला. डोळं?

त्याच आठवड्यात ते नगरला जाऊन डोळे तपासायचा मराठी अक्षरांचा तक्ता घेऊन आले. सोबत टेप. वीस फूट पाहिजेत आणि माझी खोली बारा फुटांची. मग त्यांनी दार उघडं ठेवून बाहेरच्या बोळाच्या टोकाला, बरोबर वीस फुटांवर, स्वतः खिळा ठोकला आणि तक्ता टांगला. तेव्हापासून मी माणसाला माझ्या टेबलाशेजारी उभा करून एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लावायचो आणि मास्तर बाकावर बसून ऐकायचे. शेकडो माणसं ती अक्षरं वाचून गेली. मावशींना तो तक्ता आरतीसारखा पाठ झाला होता. बोळ झाडताना त्या तो वरच्या ओळीपासून खालपर्यंत म्हणत. आणि माझं काय झालं होतं, तेही सांगतो. पहिल्या वर्षी मी माणसाकडं आणि तक्त्याकडं बघायचो. मग नुसतं ऐकायचो. मग ऐकता ऐकता फॉर्म भरायचो. तक्ता माझ्या पाठीमागं होता आणि मान वळवायची तसदी मी कितीतरी वर्षं घेतली नव्हती.

शेवटच्या वर्षी मास्तर फार सायकलवर दिसायला लागले. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून. गावाला गंमत वाटली. पारावरचे म्हणाले, म्हातारपणी मास्तर स्वतःवर लईच कडक झालेत. मीही हसलो. त्याच सुमाराला त्यांनी शिकवण्याची एक नवी पद्धत काढली. शिकणाऱ्यानं गाडी चालवता चालवता रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायची: पुढे शाळा आहे, वेग कमी करा, अमुक कृषी केंद्र. सगळ्यांना ती फार आवडली. लक्ष रस्त्यावर राहतं म्हणाले. त्यांना साखरेचा आजार होता आणि मी दोन-तीनदा म्हणालो होतो, की एकदा नगरला जाऊन डोळ्याचा पडदा दाखवून या. ते म्हणायचे, कॅम्प झाला की. मीही पाठपुरावा केला नाही. समोर बसलेल्या माणसाबद्दल एवढ्या सगळ्या गोष्टी मला माहीत होत्या आणि मी त्यांची बेरीज केली नाही. डॉक्टर म्हणून याची मला आजही लाज वाटते.

त्यांचं स्वतःचं लायसन नवं करायचं होतं. मुदत संपायला अकरा दिवस होते. ते नेहमीसारखे माणसं घेऊन आले, चौघांना आधी आत पाठवलं, स्वतः त्या दिवशी बाहेर गाडीपाशीच थांबले, आणि त्यांचं झाल्यावर त्यांना शिकवणीची गाडी इथंच ठेवून पुढं जायला सांगितलं. मग आपला फॉर्म टेबलावर ठेवला, त्यावर फोटो चिकटवलेला, तोच हॉर्नवरचा चेहरा, थोडा म्हातारा. मी म्हणालो, मास्तर, तुमचं काय बघायचं? तुम्ही बसा, मी सही करतो. ते उभेच राहिले. "सगळ्यांचं बघता, माझं का न्हाई?" असं म्हणून त्यांनी डावा डोळा तळहातानं झाकला आणि वाचायला सुरुवात केली. स्वच्छ आवाजात, वरून खालपर्यंत, शेवटची बारीक ओळसुद्धा. मग उजवा झाकला आणि पुन्हा सगळं. कुठं अडखळणं नाही. मी खाली मान घालून उंची, वजन, रक्तदाब लिहिला, सक्षम आहे असं लिहिलं, आणि सही अर्धी कागदावर, अर्धी फोटोवर येईल अशी केली. शिक्का मारला. मास्तर बाहीचं बटण लावत होते.

दारात मावशी उभ्या होत्या. हातात केरसुणी. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, जरा हिकडं या." आवाज असा होता की मी मुकाट्यानं उठलो. बोळात नेऊन त्यांनी तक्त्याकडं नुसती हनुवटी केली. तक्ता नवा होता. जुन्याला वाळवी लागली होती, म्हणून औषधकंपनीच्या माणसानं दिलेला दुसरा तक्ता त्यांनी सोमवारी त्याच खिळ्याला अडकवला होता. तेवढाच मोठा, तेवढ्याच ओळी. अक्षरं सगळी वेगळी. मास्तरांनी दोनदा वाचला तो जुना तक्ता होता आणि त्याआधी त्या चौघांनी नवा तक्ता वाचला होता, तोही मी न बघताच ऐकला होता.

मी बोळातच थांबलो. मावशी कुणाला सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या. सही झाली होती. ड्रायव्हिंगची शाळा मास्तरांच्या नावावर, ते लायसन गेलं तर शाळेच्या दाराला कुलूप. घरात मास्तरीणबाई, सून, नात, आणि मुलगा चाकणला आज आहे उद्या नाही अशा नोकरीवर. आणि हे सगळं जाऊ द्या. गाडी काढून घेतली तर या माणसाचं उरतं काय, हेच मला कळेना. मनात आलं, पाच वर्षांचा तर प्रश्न आहे, ते चालवतातच कुठं, शिकणारे चालवतात. मग उसाच्या दिवसांतला आमचा रस्ता आठवला. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, बिनदिव्याच्या बैलगाड्या, त्यांच्यामधून सायकलवर शाळेत जाणाऱ्या पोरी. आणि शेजारच्या सीटवर पायाखाली ब्रेक घेऊन बसलेला, पाट्या दुसऱ्याकडून वाचून घेणारा माणूस. मी आत गेलो.

मी म्हणालो, मास्तर, पहिली ओळ पुन्हा वाचा. ते म्हणाले, आत्ता तर वाचली. मी म्हणालो, माझ्यासाठी. त्यांनी डोळा झाकला आणि तीच अक्षरं म्हणाले, त्याच चालीत.

"मास्तर," मी म्हणालो, "तो तक्ता मावशींनी सोमवारी काढला. हा दुसरा आहे."

ते तळहात डोळ्यावर तसाच ठेवून बोळातून तक्त्याकडं चालायला लागले. एक पाऊल, थांबून बघायचं, पुन्हा एक पाऊल. जवळजवळ भिंतीशी पोचले तेव्हा थांबले आणि वरचं सगळ्यात मोठं अक्षर हळू आवाजात वाचलं. मग दुसरी ओळ वाचायला आणखी पुढं सरकले. नाक कागदाला लागेल इतके. मावशींनी पदर तोंडाला लावला होता.

"मला दिसत हुतं, डॉक्टर," ते म्हणाले. "देवाशपथ सांगतो. मला दिसत हुतं."

माझा विश्वास आहे. तेव्हाही होता, आजही आहे. इतकी वर्षं शेकडो तोंडांनी ऐकलेली अक्षरं त्यांना खरंच तिथं दिसत होती. एक सिग्नल राहिला म्हणून स्वतःचं लायसन देव्हाऱ्यात ठेवणारा माणूस डोळ्याच्या तपासणीत लबाडी करणार नाही.

ते परत टेबलाशी आले, खुर्चीत बसले आणि फॉर्म माझ्यापुढं सरकवला. विचारलं, "ही सही बघून केली का?"

मी म्हणालो, "न बघता."

"मग फाडा. सही तुमची हाय, तुमीच फाडा."

मी फाडली. फाडायच्या आधी त्यांनी नखानं आपला फोटो तेवढा सोडवून घेतला. कामाला येईल म्हणाले. माझी अर्धी सही त्यांच्या गालावर राहिली.

पुढचं आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी मी त्यांना नगरला डोळ्याच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. मोतीबिंदू असता तर महिन्यात कॅम्पला बसले असते. साखरेनं मागचा पडदा खाल्ला होता. इंजेक्शनं देऊन राहिलं तेवढं राखता आलं, गेलेलं आलं नाही. शाळा सुनेनं तिच्या नावावर करून घेतली आणि ती उत्तम चालवते. हॉर्नवर फोटो अजून आहे, आता गालावर अर्धी सही असलेला. त्या संध्याकाळी मास्तरांनी लायसन देव्हाऱ्यात ठेवलं तेव्हा मास्तरीणबाईंनी नेहमीसारखं विचारलं, किती दिवस? सून सांगते, ते हात जोडून उभे राहिले आणि आकडा सांगितला नाही. आणि त्या चौघांना मी पुन्हा बोलावून, मान वळवून, तपासलं. चौघंही पास होते. तेव्हापासून माझी मान वळते.

पण मला सांगायचा होता तो त्या दुपारचा रस्ता. फॉर्म फाडल्यावर मास्तर उठले, खिशातून शिकवणीच्या गाडीची चावी काढली आणि माझ्या हातात दिली. चेअरमनला दिली तशीच दिली असणार. म्हणाले, "मला घरी सोडा." बाहेर पेशंट होते. मी मावशींना म्हणालो, बसवून ठेवा. मास्तर गाडीच्या डाव्या बाजूनं आत बसले, त्यांच्या नेहमीच्या जागी, पायाखाली जादा ब्रेक आणि क्लच. मी चौदा वर्षांनी त्या स्टिअरिंगवर बसलो आणि समोर मधोमध त्यांचा फोटो माझ्याकडं बघत होता.

चौकापर्यंत मी पहिल्या दिवसासारखी गाडी चालवली. मघाशी मी या माणसाला नापास केलं होतं आणि तो माझ्या शेजारी सरळ बसला होता, पट्टा लावून. डोळ्यांत पाणी येत होतं म्हणून मी जास्तच बघत होतो. समोर, आरशात, डावीकडं, पुन्हा आरशात. रस्त्याच्या कडेला शेळी बांधली होती तीसुद्धा बघितली. शाळेची पाटी आली तेव्हा सवयीनं नाही, त्यांच्यासाठी म्हणून मोठ्यानं वाचली: पुढे शाळा आहे.

पाटाच्या पुलावरचं वळण आलं. मी गाडी थांबवली. पलीकडून उसाचा ट्रॅक्टर चढत होता, दोन ट्रॉल्या, वरपर्यंत भरलेल्या. अंगठा हॉर्नकडं गेला आणि फोटोपाशी थांबला. ट्रॅक्टर गेला. पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली. पूर्वीचा मी असतो तर तेव्हाच गाडी काढली असती, रस्ता मोकळा दिसत होता. मी थांबलो आणि बघितलं. दुसऱ्या ट्रॉलीच्या आडून एक सायकल निघाली. मग दुसरी, मग तिसरी, शाळेतून परतणाऱ्या पोरी, आपसांत बोलत, आमच्याकडं न बघता. त्यांच्याही मागं एक लहान होती, ती उतरून सायकल हातानं ढकलत होती. ती पूल उतरेपर्यंत मी क्लच सोडला नाही.

मग वळण घेण्याआधी डाव्या आरशात बघायला मान फिरवली आणि नजर खाली गेली. मास्तरांच्या चपला जादा ब्रेकच्या खाली काढून ठेवलेल्या होत्या, एकीला एक लागून. ते सीटवर मांडी घालून बसले होते.